वाघिणीचं शिंगरू

आमच्या दाखल्यावर जनावराच्या वर्णनाचे चार रकाने असायचे. जात, लिंग, वय आणि रंग. पहिले तीन भरताना मला कधी अडचण आली नाही. चौथ्याने मात्र अख्खी नोकरी हैराण केली. गाय-म्हैस असेल तर काही वाटत नाही, म्हशीचा रंग विचारणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. पण घोडं समोर आलं की माझा पेन अडायचा.

मी जनावरांची डॉक्टर. आता निवृत्त, मुक्काम मेहकर. नोकरीतली शेवटची बरीच वर्षं लोणार तालुक्याच्या बाजूला गेली. बाई असून हिने गुराढोरांत नोकरी कशी काढली, असं लोकांना वाटतं. त्यात काही नाही हो. म्हशीला डॉक्टर बाई आहे की पुरुष ते कळत नाही. माणसांना कळतं, आणि त्रास तिथे होतो. संपादक म्हणाले, गमतीदार अनुभव लिहा. गमतीदार पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की फिरून फिरून एकच आठवतो, आणि तो गमतीदार आहे की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या भागात घोडं म्हणजे लग्नाचं. नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीपर्यंत किंवा विहारापर्यंत मिरवत नेतात, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. परण्याला घोडं पांढरं पाहिजे, नाहीतर निदान सोनेरी. त्यामुळे रंगावर घोडेवाल्यांची पोटं चालतात. आणि रंगासारखी फसवी गोष्ट नाही.

एकाने पांढरीशुभ्र घोडी घेतली. तिला शिंगरू झालं ते काळं कुळकुळीत. तो तणतणत दवाखान्यात आला, म्हणे कोणीतरी माझं शिंगरू बदललं, तुम्ही लिहून द्या, मी पोलिसात जातो. मी त्याला सांगितलं, बाबा, पांढरेपणा दोन तऱ्हेचा असतो. एक जन्मापासून पांढरा, त्याची कातडी गुलाबी असते. दुसरा जन्मतो काळा नाहीतर तांबडा आणि दरवर्षी थोडा थोडा पिकतो. तुझी घोडी पिकलेली आहे, तोंडाजवळची कातडी बघ, काळी आहे. लेकरूही बहुतेक पिकेल, धीर धर. त्याला पटलं नाही. तीन वर्षांनी तोच माणूस आला आणि चिंतेने विचारू लागला, "मॅडम, ते शिंगरू आत्ताच म्हातारं काऊन होऊन राह्यलं?"

दुसऱ्याने दाखल्यासाठी काळंभोर घोडं आणलं. रक्त काढायचं म्हणून मानेवर स्पिरिटचा बोळा फिरवला तर बोळा काळा. मी बोळा त्याच्या नाकासमोर धरला. तो शांतपणे म्हणाला, "उन्हानं रंग जाते मॅडम." मी रकान्यात लिहिलं, 'रंग: मालकाच्या सांगण्याप्रमाणे काळा.' तो खूश होऊन गेला.

शाळेत बोलावलं की पोरं हमखास विचारायची, झेब्रा पांढऱ्यावर काळा की काळ्यावर पांढरा? मी सांगायची, केस भादरले तर खालची कातडी काळीच असते. म्हणजे काळ्यावर पांढरा म्हणा. पट्टा जिथे पांढरा दिसतो तिथे केसाला रंग पुरवला जात नाही, एवढंच. कधी कधी ह्या पुरवठ्यात गडबड होते आणि पट्ट्यांऐवजी ठिपक्यांचा झेब्रा जन्मतो, तसा फोटो मोबाईलवर फिरला होता, पाहिला असेल तुम्ही. हे मी इतक्या ऐटीत सांगायची की रंगातलं सगळं मला कळतं असं पोरांना वाटायचं. मलाही वाटायचं, हे जास्त वाईट.

आता मूळ गोष्ट.

वामनराव आणि तुळशीराम हे साडू. वामनराव बीबीजवळच्या एका खेड्यात राहतात, तुळशीराम मेहकरात. दोघांचाही धंदा परण्याचा, दोघांकडे एकेक घोडी. त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी. वामनरावांची शेवंता मोठी, तुळशीरामची कांता धाकटी. पाठोपाठच्या बहिणी, आई लवकर गेलेली, त्यामुळे कांताला लहानाचं मोठं शेवंतानेच केलेलं. दोघी एकमेकींना दिवसातून दोनदा फोन करणार, आणि भाजी काय केली ह्यावर अर्धा तास बोलणार.

तुळशीरामची घोडी काळी, देखणी, नाव मखमल; काळेपणामुळे परण्याला तिलाही मागणी कमीच. वामनरावांची घोडी म्हणजे एक प्रकरण होतं. अंगाचा रंग तांबूस, आणि त्यावर पाठीपासून पोटाकडे ओघळत गेलेले काळसर पट्टे. पट्टेही दोन्ही बाजूंना सारखे नव्हेत. डावं अंग पट्ट्यांनी भरलेलं, तिकडून बघाल तर घोडी काळपट वाटायची. उजव्या अंगावर पट्टे तुरळक, तिकडून बघाल तर तांबडी. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा भाजलेलं असेल म्हणून हात फिरवून बघितला. कातडी एकदम निरोगी. दाखल्यावर 'रंग' लिहायला मी दहा मिनिटं घेतली आणि शेवटी 'पट्टेरी तांबूस' लिहून मोकळी झाले.

पोरं तिला झेब्री म्हणायची. शेवंताबाईने तिचं नाव ठेवलं होतं वाघीण. पण नाव ठेवून परण्या मिळत नाही. लोक बघायला यायचे, फोटो काढायचे आणि म्हणायचे, "नवरदेवाले झेब्र्यावर बसवता काय?" वामनरावांचा जुना पांढरा घोडा गेल्यावर त्यांच्या दारात परण्याचं जनावर उरलं नव्हतं. वाघीण गवताचे भारे वाहायची. धंदा टिकवायचा तर दारात रंगाचं घोडं हवं, आणि ते विकत घ्यायची ऐपत नाही. तेव्हा वाघिणीच्या पोटी ते जन्मावं, एवढीच एक वाट शेवंताबाईला दिसत होती.

तुळशीरामच्या ओळखीत एक नुकरा नर होता. जन्मापासून पांढरा, डोळे निळसर. दोघा साडूंनी एकाच आठवड्यात आपापली घोडी गाभण राहावी म्हणून त्याला दाखवली. इथे थोडं शास्त्र सांगते, कंटाळू नका. ह्या नराच्या अंगात रंग फिका करणारा गुण दोन वाट्यांनी असतो, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. दोन वाटे मिळाले म्हणून तो पांढरा. आपल्या प्रत्येक लेकराला तो एकच वाटा देऊ शकतो. एका वाट्याने तांबडं शिंगरू सोनेरी होतं, पांढरं होत नाही. आता काळ्या घोडीच्या पोटातही तांबडेपण लपून असू शकतं. म्हणजे सोनेरी शिंगरू वाघिणीला होऊ शकत होतं तसंच मखमलीलाही होऊ शकत होतं. नेमकं हेच पुढे नडलं.

अकरा महिने भरत आले. तुळशीरामची जागा अडचणीची, म्हणून त्याने मखमलीला वामनरावांच्या शेतातल्या मोकळ्या गोठ्यात आणून बांधलं. देखरेखीला कांता बहिणीकडे राहायला आली. घोडी वितानाची एक खोड आहे. माणूस जवळ असला की ती कळा आवरून धरते, आणि माणूस हलला की मोकळी होते. त्यामुळे घोडी विताना पाहिलेली माणसं थोडी. एका सकाळी वामनराव आणि शेवंताबाई गोठ्यात गेले तेव्हा दोन्ही घोड्या विलेल्या होत्या. एक शिंगरू उभं, सोनेरी, मखमलीच्या सडाला लागलेलं. दुसरं काळपट, कुंपणाजवळ मरून पडलेलं. वाघीण लांब कोपऱ्यात उभी राहून बारीक आवाजात हाका मारत होती.

मला बोलावलं तोवर दहा वाजले होते. वामनरावांनी तोवर मेलेलं शिंगरू मीठ घालून पुरूनही टाकलं होतं. मी गेले तेव्हा तुळशीरामही मेहकराहून येऊन पोचला होता आणि दोघे साडू एकमेकांसमोर उभे होते.

"शिंगरू ज्याचं दूध पेते त्याचं," तुळशीराम म्हणत होता. "यात मॅडम कायले पाह्यजे?"

"मखमलीनं हिसकलं त्याले," शेवंताबाई म्हणाली. "माह्या वाघिणीचं हाये ते. पहाटं मी पडल्या पडल्या ऐकलं. आंधी वाघीण बोलली, मंग शिंगरू बोललं."

"ऐकू आल्यावरून लेकरू वळखता काय तुमी?"

शेवंताबाईचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. स्वतःचं पिल्लू मेलेली दांडगी घोडी दुसरीचं पिल्लू बळकावते, असं होतं कधीकधी. मी दोघींना तपासलं. दोघींची वार पडलेली, दोघींना दूध उतरलेलं. मखमल शिंगराजवळ कोणाला फिरकू देत नव्हती, वाघीण पुढे आली की दात काढून धावायची. डोळ्याने काही ठरेना. शिंगराचा रंग बघून काही ठरण्यासारखं नव्हतंच. आणि दोघे साडू माझ्या तोंडाकडे बघत उभे. मला असं ताटकळलेलं आवडत नाही, माझा स्वभावच तसा आहे. मी म्हटलं, भांडू नका, केस तपासायला पाठवू. केसाच्या मुळातून आई कोण ते कळतं. जे येईल ते दोघांनी मान्य करायचं.

"तुमी म्हनसान ते," वामनराव म्हणाले. तुळशीरामनेही मान हलवली. कांताबाई चहा घेऊन आली. मी चहा घेतला आणि कामाला लागले.

वाघिणीच्या आयाळीचे केस मी मुळासकट उपटले, पाकिटात घातले. दोघांनी मखमलीला अडवून धरली आणि शिंगराचे थोडे केस मिळवले. मखमलीचे घ्यायला गेले तर तिने अशी लाथ झाडली की माझा पाय थोडक्यात वाचला. मी म्हटलं, राहू दे. दोनच तर घोड्या आहेत. वाघीण आई असेल तर असेल, नसेल तर मखमल. तिसरी कोण येणार आहे? हिशोब अगदी सरळ होता. पुरलेलं शिंगरू उकरून त्याचे केस घ्यावेत हे तर माझ्या डोक्यातही आलं नाही.

महिना-सव्वा महिन्याने परराज्यातल्या प्रयोगशाळेचा कागद आला. मी शेतावर जाऊन सगळ्यांसमोर वाचला. वाघीण ही ह्या शिंगराची आई असू शकत नाही.

शेवंताबाईने कागदाकडे बघितलं. मग म्हणाली, "मॅडम, तुमचं मशीन चुकलं."

मला राग आला. मी तिला ताडकन म्हटलं, "शेवंताबाई, मशीनला कोणाचं घर भरायचं नसतं. आपल्याला हवं तसं झालं नाही म्हणून मशीन चुकत नाही."

तुळशीरामने तेवढ्यात हात धुऊन घेतले. म्हणाला, "खोटं बोलल्या ना तुमी? तेबी सख्ख्या बहिनीसंग." कांताबाई दारात उभी होती. ती आत निघून गेली.

शिंगरू मखमलीबरोबर मेहकरला गेलं. त्यानंतर दोघी बहिणींचं बोलणं तुटलं. फोन बंद. कांताबाईच्या मुलीचं लग्न झालं, मावशी गेली नाही. वामनरावांनी परण्याचा धंदा सोडला आणि दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जाऊ लागले. हे सगळं मला कळत होतं. वाईट वाटायचं, पण मनात असंही यायचं की खोटं कशाला बोलावं बाईने. मी त्यांच्या गोठ्यावरून जायची तेव्हा शेवंताबाई नमस्कार करायची, थांबायची नाही.

मी मात्र हा किस्सा जिथे तिथे सांगत सुटले. प्रशिक्षणांत, बैठकांत. दोन घोड्या, एक शिंगरू, आणि मी केसावरून न्याय कसा केला. लोक टाळ्या वाजवायचे. दोन वर्षांनी, मी निवृत्त व्हायला थोडे महिने उरले असताना, अशाच एका प्रशिक्षणात एक वयस्कर प्राध्यापक बसले होते. टाळी त्यांनी वाजवली नाही. चहाच्या वेळी माझ्याजवळ आले.

"पट्टे कसे होते म्हणालात?"

मी मोबाईलवरचे फोटो दाखवले. त्यांनी डाव्या अंगाचा फोटो बघितला, उजव्या अंगाचा बघितला, परत डाव्याचा. मग विचारलं, "केस कुठल्या बाजूचे घेतले?"

"डावीकडचे, सर."

"डावीकडचेच का?"

आता काय सांगू? घोड्याकडे डावीकडून जायचं असतं. खोगीर डावीकडून, लगाम डावीकडून, सुई डावीकडून. पहिल्या वर्षी शिकवतात ते हातात बसतं आणि मग आयुष्यभर आपण कुठल्या बाजूला उभे आहोत हा विचारही येत नाही. मी हे सांगितलं तर ते म्हणाले, तो कागद मला पाठवा.

कागद बघून त्यांचा फोन आला. "मॅडम, ही आई नाही, बरोबर आहे. पण कागदात नातं लागतंय. आईइतकं नाही. मावशीइतकं."

मी म्हटलं, सर, मखमल आणि वाघीण बहिणी नाहीत. एक कुठली, दुसरी कुठली. वाघिणीला बहीणच नाही.

"आहे," ते म्हणाले. "तिच्याच अंगात आहे."

खरं सांगते, वाटलं म्हाताऱ्याचं काही खरं नाही. त्यांनी मला तीनदा समजावलं तेव्हा कुठे थोडं डोक्यात शिरलं. घोडीच्या पोटात पुष्कळदा जुळं धरतं. ते बहुतेक वेळा टिकत नाही, एक जिरून जातं. पण क्वचित, अगदी सुरुवातीला, दोन्ही जीव नुसते ठिपक्याएवढे असताना, एकमेकांना चिकटतात आणि मिसळून एकच होतात. जन्मतं एकच शिंगरू, पण काही भाग एका बहिणीचा आणि काही भाग दुसरीचा. एक बहीण काळपट रंगाची, एक तांबडी, म्हणून अंगावर पट्टे. बाहेर जसे पट्टे तशीच आतही वाटणी. काळजाचा तुकडा हिचा, आतड्याचा तिचा, आणि गर्भाचं बीज ह्या दोघींपैकी कोणा एकीचं. मी केस उपटले ते काळपट बहिणीचे. शिंगरू झालं असेल तांबडीला.

शेवंताबाईला मी सगळ्यांसमोर जे बोलले होते ते मला शब्दन् शब्द आठवत होतं.

मी परत वामनरावांच्या शेतावर गेले. शेवंताबाई वाघिणीपुढे कडबा टाकत होती. मी म्हटलं, पुन्हा केस घ्यायचेत, ह्यावेळी दोन्ही बाजूंचे, आणि रक्तही.

"आता काय राह्यलं मॅडम?" ती म्हणाली. "खोटी ठरवून झाली ना मी?"

"मी चुकले असेन, शेवंताबाई."

तिने माझ्याकडे बघितलं आणि घोडीचं दावं धरून तिला फिरवली. उजवं अंग माझ्याकडे केलं. त्या बाजूला उभं राहायला मला इतकं अवघड वाटलं, हात कुठून न्यावा ते कळेना.

शिंगराची माहिती प्रयोगशाळेकडे होतीच. कागद आला तेव्हा मी निवृत्त झाले होते. डावीकडचे केस: आई नाही. उजवीकडचे केस: आई. रक्तात दोघींची भेसळ. एकाच घोडीबद्दल एकाच कागदावर हो आणि नाही, आणि दोन्ही खरं. मी तो कागद घेऊन थेट शेतावर गेले आणि जमेल तसं शेवंताबाईला सांगितलं.

तिने सगळं ऐकलं. मग वाघिणीकडे बघत विचारलं, "मंग ही एक हाये का दोन?"

"एक," मी म्हटलं. मग म्हटलं, "आणि दोन."

"तुमाले तरी समजलं काय?"

"अर्धं."

"मले तेवढंबी नाई समजलं," ती म्हणाली. "पन चाला मेहकरले."

आम्ही एसटीने मेहकरला गेलो. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्य मलाच खोटं वाटत होतं.

तुळशीराम घरीच होता. दोन वर्षांनी मेहुणी दारात बघून तो चपापला. मी कागद दिला आणि सांगायला सुरुवात केली. त्याने ओळीवर बोट ठेवून ठेवून कागद वाचला.

"एका बाजूनं माय आन दुसऱ्या बाजूनं नाई?" तो म्हणाला. "मॅडम, असं राह्यते काय कुठं? तवा तुमीच म्हनल्या, मशीन चुकत नाई."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी मशीन, ठिपके, जुळं, पट्टे, पुन्हा मशीन असं काहीबाही बोलत राहिले. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की एक अक्षर पटत नाही. त्याच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं.

कांताबाई केव्हा बाहेर येऊन भिंतीला टेकून बसली ते मला कळलं नाही. ती म्हणाली, "मी पाह्यलं होतं."

तुळशीरामने मान वर केली. "काय पाह्यलं होतं?"

"तांबडं फुटलं तवा मी गोठ्यात गेली होती. वाघीण चाटून राह्यली होती त्याले. ओलंच होतं ते. मखमल कुंपनापाशी आडवी होती, तिचं तिच्याजवळच मरून पडेल होतं. मंग मखमल उठली आन वाघिणीले हानून बाजूले केलं तिनं. मी पाह्यलं आन घरात येऊन निजली."

"मंग काऊन नाई बोलली?" शेवंताबाई म्हणाली.

"ह्यायचा धंदा डोळ्यापुढं होता ताई. पोरीचं लग्न होतं. तरी सांगनारच होती. रोज ठरवू का आज सांगतो." ती माझ्याकडे वळली. "मंग तुमी कागद वाचला. मले वाटलं, मीच उलटं पाह्यलं. अंधुक होतं, झोपेत असन. डॉक्टरीन बाई थोडीच खोटं सांगते? दोन वर्स मी माह्या डोळ्यालेच खोटं समजून राह्यली."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. मी दोन घोड्या तपासल्या, शिंगरू तपासलं, दोघा साडूंचं आणि शेवंताबाईचं ऐकून घेतलं. त्या गोठ्यात एकच साक्षीदार होती, तिच्या हातचा चहा प्याले आणि तिला काही विचारलं नाही. मी कागद आणला नसता तर ती आज ना उद्या बोलली असती. आपल्या कामाने माणसाचं नुकसान होतं हे मला माहीत होतं. चूक होते, जनावर दगावतं, मालक रडतो. पण आपल्या कागदाने एखादीचं पाहिलेलंही पुसून जातं, हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "माझं चुकलं." दोघींना उद्देशून म्हटलं.

तुळशीरामने बायकोकडे बघितलं. मग उठला आणि मागच्या दाराने गेला. दावं सुटल्याचा आणि खुरांचा आवाज आला. शिंगराचा आता घोडा झाला होता, तो त्याने पुढच्या अंगणात आणून उभा केला. सोनेरी अंग, पांढुरकी आयाळ. त्याने दावं वडीलधाऱ्या मेहुणीच्या हातात दिलं नाही, तिच्याजवळच्या खांबाला बांधलं आणि बाजूला उभा राहिला.

शेवंताबाई घोड्याकडे गेली नाही. तिने माझ्या हातातला कागद मागून घेतला, उलटसुलट बघितला आणि मला विचारलं, "मॅडम, हाबी उद्या चुकीचा निघाला तं?"

ह्यावेळी दोन्ही बाजू तपासल्यात, रक्तही तपासलंय, असं मी सांगणार होते. पण मागच्या वेळीही मी इतक्याच खात्रीने बोलले होते.

"कागद राहू दे ताई," कांताबाई म्हणाली. "मी सांगून राह्यली ना. मी पाह्यलं."

शेवंताबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने कागद माझ्या हातात परत दिला आणि बहिणीशेजारी, भिंतीला टेकून, खाली बसली.